‘संयुक्त’वर भागत नाही

प्रश्न असा आहे: गणितावरच्या लेखात ‘कोणत्याही मूळ संख्येचा घात नसलेल्या पूर्ण संख्या’ असं लिहावं लागतंय. फार लांबतं. त्याऐवजी सरळ ‘संयुक्त संख्या’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ४, ८, ९, २७ याही संयुक्तच, आणि नेमक्या त्याच वगळायच्या आहेत. १ ते १०० मोजून बघा. मूळ संख्या २५, त्या स्वतःचाच पहिला घात म्हणून जातात. त्यांचे वरचे घात १०: ४, ८, १६, ३२, ६४, मग ९, २७, ८१, शिवाय २५ आणि ४९. हे ३५ काढले की ६५ उरतात. त्यात १ हा नेहमीचा भांडखोर. घातांक शून्य चालवून घेतला तर तोही २ चा घात ठरतो आणि उरतात ६४. ‘संयुक्त’ लिहिलंत तर मात्र आकडा ७४ होईल.

‘पूर्ण संख्या’ही बदला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्या ० पासून सुरू होतात, आणि ० कुठल्याच मूळ संख्येचा घात नसल्यामुळे फुकटात आत शिरतो.

मी लिहीन: ‘किमान दोन वेगवेगळे मूळ अवयव असलेल्या नैसर्गिक संख्या’. म्हणजे ६, १०, १२, १४, १५, १८, २० वगैरे. लांबी फारशी घटली नाही हे खरं, पण ‘नसलेल्या’ गेलं आणि ०, १ ची कटकटही मिटली. ‘वेगवेगळे’ तेवढं गाळू नका, नाहीतर २ × २ करून ४ परत येईल.

एकच शब्द हवा असेल तर एक मोह सांगतो. ‘घात’चा जुना अर्थ नुसता गुणाकार. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त समद्विघात म्हणजे वर्ग आणि समत्रिघात म्हणजे घन. त्यांच्याच ‘बीजगणिता’त वेगवेगळ्या अव्यक्तांच्या (किंमत माहीत नसलेल्या राशींच्या) गुणाकाराला, म्हणजे आपल्या क्ष × य ला, ‘भावित’ म्हटलंय. ‘भावित संख्या’ कानाला गोड लागतं, पण ते नाव अव्यक्तांचं आहे आणि आज लिहिलंत तर खाली टीप द्यावी लागेल. मग वाचलं काय?

जाता जाता, लेखात शाब्दिक उदाहरणं असतील तर ‘तर मूळ संख्या कोणती?’ असा शेवट टाळा. तिथे ‘मूळ’ म्हणजे आधीची. ‘सुरुवातीची संख्या’ लिहा.