अकरावीला कॉम्प्युटर घ्यावा की आयटी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे त्याच त्या शंका येतात आणि त्यातल्या निम्म्या कुणीतरी ऐकीव सांगितलेल्या गोष्टींवरून आलेल्या असतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स एकच ना? (एक पालक, सांगली)

नाही. राज्य मंडळात हे दोन वेगळे विषय आहेत. आयटी हा 100 गुणांचा विषय असून तो कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांत असतो. विज्ञानाची बरीच मुले तो मराठी किंवा हिंदीऐवजी घेतात. बारावीला त्याची 80 गुणांची परीक्षा संगणकावर होते आणि 20 गुण प्रात्यक्षिकाला असतात. शिकवतात ते मुख्यतः वेबपेज तयार करणे, जावास्क्रिप्ट, पीएचपी. कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा विषय, 200 गुणांचा. त्याचे दोन पेपर, प्रत्येकी 50 लेखी आणि 50 प्रात्यक्षिक. त्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडावा लागतो. त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, मायक्रोप्रोसेसर येतात. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेश कसा मिळतो ते कॉलेजातच विचारा.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे तर अकरावीला हा विषय लागतोच का?

लागत नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत इंजिनिअरिंगच्या पेपरात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितच असते.

क्लासचे सर म्हणतात, कॉम्प्युटर घेतला की 200 पैकी 190 हमखास. कॉलेजशी टाय-अप आहे, त्यामुळे कॉलेजला जायचीही गरज नाही. प्रवेश घेऊ का? (एक आई, नाशिक)

ताई, हे बोलणाऱ्या माणसाचा धंदा काय आहे, ते आधी बघा. गुण हमखास सांगणारा विषय शिकवायचे सांगत नाही, फी भरायचे सांगतो. मंडळाची हजेरीची अट 75 टक्क्यांची आहे. 'जायची गरज नाही' याचा अर्थ मुलाची हजेरी कुणीतरी कागदावर लावणार.

आणि प्रात्यक्षिके? 200 पैकी 100 गुण त्यांना आहेत, म्हणजे हा विषय यंत्रापुढे बसूनच शिकायचा आहे. टाय-अपच्या मुलांची जर्नले तपासायला येतात तेव्हा मला फार वाईट वाटते. दोन संख्यांची बेरीज करण्याचा प्रोग्राम, इनपुट 12 आणि 15, खाली आउटपुट सुबक अक्षरात 30. शेजारच्या जर्नलमध्येही तेच 30, त्याच्या शेजारच्यातही. गेल्या वर्षीच्या कुणाचे तरी जर्नल उतरवलेले असते आणि खाली शिक्षकांची सही असते! हे मूल परीक्षेला संगणकापुढे बसते, एक सेमीकोलन राहतो, पडद्यावर एरर येते आणि त्याला ती वाचताही येत नाही. एरर वाचून चूक शोधणे हाच तर या विषयाचा गाभा. तो दोन वर्षांत हाताला लागला नाही, तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मूल पुन्हा तिथेच अडते, आणि तेव्हा शेजारी क्लासचे सर नसतात.

तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जा, आणि कामाच्या दिवशी, प्रात्यक्षिकाच्या तासाला जा. किती यंत्रे चालू आहेत, एका यंत्रापुढे किती मुले बसलीत, कीबोर्डवर धूळ आहे का, ते बघा. प्रात्यक्षिकाच्या बॅचचे वेळापत्रक मागा. विषयशिक्षकांना भेटा आणि मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. लॅब दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे प्रवेश नको.

बायफोकल घेतले तर मेडिकलचा मार्ग बंद होतो का?

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, जीवशास्त्र लागतेच. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते देऊन नीटला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये स्पष्ट केले. पण मेडिकलची खरी इच्छा असेल तर हा वळसा कशाला? मुलाशी मोकळेपणाने बोला आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच ठरवा.

मुलीला गणित जड जाते, कॉम्प्युटरची मात्र आवड आहे. काय करावे? (परभणी)

आधी आवड कशाची ते बघा. मोबाइल छान हाताळता येणे वेगळे आणि प्रोग्राम लिहिणे वेगळे. वेब डिझाइन, अकाउंटिंग सॉफ्टवेअर असे काही आवडत असेल तर वाणिज्य शाखेत आयटी चांगला पर्याय आहे. पुढे बीसीए करता येते, पण त्यालाही 2024 पासून सीईटी आहे. इंजिनिअरिंगला मात्र गणिताला पर्याय नाही. दहावीच्या गणिताच्या शिक्षकांना विचारा, कुठे अडते ते तेच सांगतील. 'मोफत लॅपटॉप'वाल्या खासगी डिप्लोम्यांची जाहिरात पाहून पैसे भरू नका. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची आहे, ते कागदावर मागा.

सीबीएसईत कॉम्प्युटर सायन्स आणि इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस दोन्ही घेता येतील का?

नाही, दोन्हींपैकी एकच.

अकरावीचे वर्ग सुरू होऊन महिना झाला. आता जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर घ्यायचा आहे. दिवाळीत बदलू का?

दिवाळीपर्यंत कशासाठी थांबता? विषय बदलायला मुदत असते, बायफोकलच्या जागा भरून जातात आणि तोवर मुलाची प्रात्यक्षिकेही बुडालेली असतात. उद्या सकाळी मुलाला घेऊन कॉलेजात जा, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जागा नसेल तर आयटी मिळतो का, हे त्याच भेटीत विचारा.