मीटर प्लगपाशी लाव

प्रिय मित्रा,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. जुने एक्स86 (इंटेल-एएमडीच्या घराण्यातले) सर्व्हर काढायचे, त्यांच्या चौपट संख्येने, कमी वीज खाणारे छोटे एआरएम (मोबाइलमधल्या प्रोसेसरच्या घराण्यातले) सर्व्हर बसवायचे, आणि तरीही वीज निम्मी लागेल, असं तुझं गणित आहे. आकडेमोड चुकलेली नाही, पण बेरीज तू फक्त प्रोसेसरच्या वॉटांची केली आहेस.

वीज काही एकटा प्रोसेसर खात नाही. मेमरी खाते, नेटवर्क कार्ड खातं, पंखे खातात आणि पॉवर सप्लायमध्ये काही वीज नुसती उष्णता होऊन जाते. एका मोठ्या सर्व्हरच्या जागी चार छोटे आले की हा वरखर्चही चार ठिकाणी होतो. म्हणून मीटर प्लगपाशी लाव आणि खरं काम चालू असताना मोज: एका ज्यूलमागे किती विनंत्या पुऱ्या झाल्या?

रिकामा वेळही मोज. गूगलच्या बारोसो आणि होल्झ्ले यांनी 2007 साली लिहून ठेवलंय की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के भारावरच चालतात, आणि चांगला सर्व्हरसुद्धा जवळजवळ काहीच न करता पूर्ण भाराच्या निम्मी वीज खातो. तुझ्या तक्त्यात मात्र सगळी यंत्रं चोवीस तास शंभर टक्क्यांवर राबताहेत!

छोट्या कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणाऱ्या एकेका भागाचा, मोह मला कळतो. व्होल्टेज उतरवलं की वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि वेग कमी केल्याशिवाय व्होल्टेज फारसं उतरवता येत नाही. त्यामुळे सावकाश चालणारा कोअर कामामागे कमी ऊर्जा घेतो, हे खरंच आहे. पण एक शोध शंभर यंत्रांवर वाटला गेला, तर उत्तर सगळ्यात मागे राहिलेल्या यंत्राच्या वेगाने येतं. ती ढिलाई वापरणाऱ्याला जाणवते.

एआरएमचे छोटे सर्व्हर बनवू पाहणाऱ्या कॅल्झेडा कंपनीचं काय झालं ते बघ. 32 बिटचे, मोबाइलच्या घराण्यातले एआरएम कोअर, पहिल्या चिपमध्ये एका नोडला (एका छोट्या सर्व्हरला) जास्तीत जास्त 4 जीबी मेमरी. 2011 मध्ये गाजावाजा झाला, 2013 च्या डिसेंबरात काम थांबलं. पुढे 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनचा ग्रॅव्हिटन प्रोसेसर आला, मग 64 कोअरचा ग्रॅव्हिटन 2. तोही एआरएमच, पण त्याचे कोअर सर्व्हरसाठीच आखलेले, 64 बिटचे, भरपूर मेमरी पेलणारे. काटकसर म्हणजे किरकोळपणा नव्हे, हे तोवर लोकांना उमगलं होतं.

आता सॉफ्टवेअर, ज्यावर तू एकच ओळ लिहिली आहेस: ‘पुन्हा कंपाइल करू’, म्हणजे तोच कोड नव्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवू. खरी गोम इथे आहे. एक्स86 मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बराच कडक पाळतो, एआरएम त्यात सैल आहे. थ्रेडमधला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमधला) लॉक, म्हणजे पाळी राखणारं कुलूप, विसरलेला कोड जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि नव्यावर महिन्यातून एकदा, तेही मध्यरात्री, चुकीचं उत्तर देतो. अशा एका चुकीमागे मी तीन आठवडे घालवलेत. शिवाय एखादी जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) फक्त एक्स86 साठीच मिळते, आणि ती नेमकी शेवटच्या दिवशी सापडते.

तेव्हा डेटाबेसला सध्या हात लावू नकोस. कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) आणि वेब सर्व्हरच्या छोट्या विनंत्या एकमेकींवर अवलंबून नसतात. तिथे दोन नवे सर्व्हर जुन्यांच्या शेजारी लाव, खऱ्या रहदारीचा थोडा हिस्सा त्यांच्याकडे वळव आणि आठवडाभराची मीटरची नोंद मला पाठव. रविवारची पहाट त्यातून वगळू नकोस.

तुझा,
काका