नोटिसांनी मुदत थांबत नाही: फोर बाय फोर गाडीच्या ॲव्हरेजचा वाद

सोलापूरच्या एका वाचकांनी 2024 च्या गुढीपाडव्याला 38 लाखांची डिझेल फोर बाय फोर एसयूव्ही घेतली. "ऑल व्हील काय, फोर व्हील काय, एकच. चौदाचं ॲव्हरेज पक्कं," असं सेल्समननं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात गावात नऊ पडतं आणि पुण्याच्या फेरीला अकरा. मित्राची ऑल व्हील ड्राइव्ह बारा-तेरा देते. वर्कशॉपच्या पाच खेपा झाल्या, दोन नोटिसा गेल्या. तिसरी पाठवू का, असं ते आता विचारतात. अशी पत्रं वरचेवर येतात आणि बहुतेकांत हाच घोळ असतो.

तिसरी नोटीस नको. थेट ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा, तीही 9 एप्रिल 2026 च्या आत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं की वादकारण (ज्यावरून तक्रार उभी राहते ती गोष्ट) घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार झाली पाहिजे. तुमचा पाडवा 9 एप्रिल 2024 चा. ॲव्हरेज कमी आहे हे कळलं त्या दिवसापासून, म्हणजे पहिल्या जॉबकार्डच्या (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या) तारखेपासून मुदत मोजावी, असा युक्तिवाद करता येईल. पण त्यावर विसंबू नका, समोरचा वकील डिलिव्हरीचीच तारीख धरणार. नोटीस पाठवल्यानं मुदत वाढत नाही. "अजून पाच हजार किलोमीटर होऊ द्या" या वर्कशॉपच्या उत्तरानंही वाढत नाही. मुळात या तक्रारीआधी नोटीस देण्याची सक्तीच नाही. दोन वर्षं तुम्ही कुरिअरच्या पावत्या जमवत बसलात आणि आता हातात जेमतेम काही आठवडे उरले. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि "पत्रव्यवहार चालू होता" हे कारण सहसा टिकत नाही.

दाखल करणं अवघड नाही. मोजलेली किंमत 50 लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग, आणि कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथला, म्हणजे सोलापूरचाच. उत्पादक कुठलाही असो. फी 1000 रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

आता दाव्याचा गाभा. मित्राच्या गाडीशी केलेली तुलना अर्जात घालू नका. त्या जातीची ऑल व्हील ड्राइव्ह बहुधा मोनोकॉक असते, म्हणजे वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी, वजनाला हलकी. पुढची चाकं ओढतात आणि घसरण झाली की क्लच मागच्या चाकांना जोर देतो. तुमची शिडीसारख्या चासीवरची, दोन टनांपुढची, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीची) गाडी. टू-हायवर (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) असतानाही ते वजन आणि पुढचा ॲक्सल ती वाहतेच. दोन्हींचं ॲव्हरेज वेगळं असणारच, आणि समोरचा पक्ष हे दहा मिनिटांत दाखवून देईल. तुमची तक्रार इतकीच ठेवा: दोन्ही एकच असं सांगून मला चौदाचा आकडा दिला, तो याच व्हेरियंटचा होता का? पुस्तिकेतला आकडा टू-व्हील व्हेरियंटचा आणि विकली फोर बाय फोर, असं निघालं तर तुमचं पारडं जड. कंपनीनं या व्हेरियंटचा प्रमाणित चाचणी अहवाल हजर करावा, असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. प्रमाणित आकडा रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्यामुळे दोन-तीनची तफावत आयोग सोडून देऊ शकतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र घातक आहे: "सुरक्षित वाटतं म्हणून नॉब फोर-हायवरच ठेवतो." म्हणजे चारही चाकांना कायम जोर. पार्ट-टाइम (गरजेपुरत्या लावायच्या) फोर बाय फोरला मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतं. वळणावर पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. डांबरावर हा फरक घसरून निघत नाही, ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि टायर घासतात. पार्किंगमध्ये गाडी अडखळल्यासारखी वाटते ती यामुळेच. फोर-हाय पावसाळ्यात काळ्या रानातून निघायला आहे, सात रस्त्याच्या चौकासाठी नाही. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं आणि कंपनी तेच पान दाखल करेल. म्हणून नऊचा आकडा विसरा, अकराचाच दावा करा. फोर-हायचा वापर अर्जात स्वतःहून सांगा, उलटतपासात बाहेर आला तर तुमच्या बाकीच्या शब्दालाही किंमत राहणार नाही.

अकरा सिद्ध करायला टाकी फुल्ल करून मोजा. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटला थांबायचं. टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. टू-हायवर पुण्याला जाऊन या, साधारण 500 किलोमीटर, आणि त्याच नोझलवर पुन्हा भरा. 45 लिटर बसलं तर 11.1. असं तीनदा करा. बिलं आणि ओडोमीटरचे फोटो ठेवा. व्हॉट्सॲपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडा.

रकमेबाबत खात्री देत नाही. पूर्ण पैसे परत मिळणं कठीण. 30,000 किलोमीटरला चौदा आणि अकरा यांत सुमारे 584 लिटरचा फरक पडतो, लिटरला 90 रुपये धरले तर साडेबावन्न हजार. त्यावर मानसिक त्रास आणि खर्च मागा. त्रिशूरच्या आयोगानं अशाच वादात तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेतली होती. तिथे जाहिरातीत 32 होतं आणि मोजणीत 19.6 भरलं, म्हणून ग्राहकाला भरपाई मिळाली. तुमची तफावत तेवढी मोठी नाही. गाडी फर्मच्या नावावर असेल तर "व्यापारी हेतू"चा (धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा) आक्षेपही येईल, आरसी तपासून मला कळवा.

तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तोवर गाडी आणखी पन्नास हजार धावलेली असते. म्हणून तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या, त्याची फी तुम्हाला भरावी लागेल. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 आणि वर 15, असे 45 दिवसच मिळतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे पक्कं केलं आहे. 46 व्या दिवशी तुमच्या वकिलांनी उठून ते सांगायला हवं. आणि तपासणीत दाखवायला लागतील, म्हणून पुढचे टायर आत्ता बदलू नका. बदलावेच लागले तर झिजलेल्या कडांचे फोटो तारखेसह काढा आणि जुने टायर घरात ठेवा.