पतसंस्थेचा डेटाबेस एन्क्रिप्ट केला म्हणजे काम झालं का?

तुमचा प्रश्न असा, की सभासदांचे पॅन, आधार, मोबाइल नंबर मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहेत. टेबलांना एन्क्रिप्शन लावलं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं रूप दिलं, की डेटा सुरक्षित झाला असं धरायचं का? तसं धरू नका. एन्क्रिप्शन जरूर लावा, पण ते कोणाला अडवतं आणि कोणाला नाही, हे आधी बघा.

मायएसक्यूएलचं हे एन्क्रिप्शन डिस्कवरच्या फाइलींपुरतं आहे. सर्व्हरची हार्ड डिस्क कुणी काढून नेली, किंवा दुरुस्तीला दिलेल्या मशीनमधून डेटा फोल्डर उचललं, तर किल्ली हाती नसेल तोवर त्याला त्या टेबलांच्या फाइली वाचता येणार नाहीत. पण डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याला सर्व्हर स्वतःच सगळं उलगडून दाखवतो. एसक्यूएल इंजेक्शनने, म्हणजे वेबसाइटच्या रकान्यात डेटाबेसची आज्ञा घुसवून, आत शिरलेल्यालाही तसंच.

बॅकअपचं काय होतं ते तर आजच बघून घ्या. काल रात्रीची मायएसक्यूएलडंपची (बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि एखाद्या सभासदाचं आडनाव शोधा. 'इन्सर्ट इंटू'च्या लांबलचक ओळीत नाव, पत्ता, पॅन सगळं सलग वाचता येईल, टेबल एन्क्रिप्टेड असलं तरीही. आणि हीच फाइल पेनड्राइव्हवर, कुणाच्या तरी ईमेलमध्ये, गूगल ड्राइव्हवर फिरत असते. लहान संस्थांत डेटा फुटायची सगळ्यात सोपी वाट मला हीच वाटते. त्यामुळे डंप तयार होतानाच जीपीजी या फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करा. सर्व्हरवर फक्त पब्लिक की (कुलूप लावणारी किल्ली) ठेवा, प्रायव्हेट की (उघडणारी किल्ली) तिथे नकोच. म्हणजे सर्व्हर हातात आला तरी जुने बॅकअप उघडत नाहीत. आधीचे उघडे डंप मात्र एकेक शोधून पुसावे लागतील.

आता टेबलांची किल्ली. कीरिंगची फाइल, म्हणजे मायएसक्यूएल ही किल्ली ठेवतं ती फाइल, डेटाच्याच डिस्कवर असेल, तर कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखं झालं. ती त्या डिस्कवर नको आणि बॅकअपमध्येही जायला नको.

पॅनसारखे रकाने ॲप्लिकेशनमध्येच एन्क्रिप्ट करून मग डेटाबेसात पाठवा. त्यासाठी मायएसक्यूएलचं एईएस-एन्क्रिप्ट फंक्शन तसंच्या तसं वापरू नका. ते मूळ सेटिंगमध्ये ईसीबी पद्धतीने चालतं, म्हणजे सारख्या मजकुराचं रूपांतरही सारखंच येतं. २०१३ मध्ये अडोबीचे पासवर्ड फुटले तेव्हा नेमकं हेच नडलं. एकच पासवर्ड ठेवणारे सगळे लोक सारख्या मजकुरामुळे ओळखू येत होते, आणि शेजारी पासवर्ड आठवायला लिहिलेल्या खुणा साध्या अक्षरांत होत्या.

मोबाइल नंबरवरून सभासद शोधायचा असेल, तर एन्क्रिप्टेड रकान्याशेजारी त्या नंबरचा एचमॅक (गुप्त किल्ली वापरून काढलेला ठसा) ठेवा आणि त्याची किल्ली वेगळी ठेवा. नुसता हॅश, म्हणजे किल्लीशिवाय काढलेला ठसा, चालणार नाही. दहा आकडी नंबर सगळेच्या सगळे चालवून बघायला आजच्या संगणकाला फार वेळ लागत नाही.

आधार क्रमांक तुम्हाला खरंच साठवायची गरज आहे का, हे संचालकांना विचारा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ मध्येच आधार क्रमांक वेगळ्या, एन्क्रिप्टेड 'आधार डेटा व्हॉल्ट'मध्ये ठेवायला सांगितलंय. शेवटचे चार आकडे पुरत असतील, तर बाकीचे काढून टाका.

आणि हे सगळं चालू सर्व्हरवर करायच्या आधी दुसऱ्या मशीनवर बॅकअप आणि किल्ल्या नेऊन डेटाबेस पूर्ण उभा करून बघा. किल्ली हरवली तर सभासदांची खाती परत मिळवून देणारं कुणी नाही. तिची एक प्रत संस्थेच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात ठेवा आणि ती कुठे आहे हे निदान दोघांना माहीत असू द्या.