जोर लावणे आणि जोर असणे

सोलापूरच्या एका वाचक बाई नववीतल्या मुलीचा अभ्यास घेताना अडल्या. घरात ज्याला आपण 'जोर' म्हणतो त्याला विज्ञानाच्या पुस्तकातला कोणता शब्द लावायचा: बल, शक्ती, ऊर्जा की संवेग? शब्दकोश तर यांतले बरेचसे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणूनच देतो. शिवाय सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठी, पेलून उभ्या असलेल्या माणसाचे 'कार्य शून्य', हे मुलीला काही केल्या पटत नाही.

जोर हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ शोधायचा तर त्याच्याबरोबरचे क्रियापद पाहावे. दार अडकले की आपण जोर लावतो. उतारावरून येणाऱ्या ट्रकला जोर असतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. लावला जातो ते बल. धावत्या वस्तूला असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

सोलापुरात याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. धोट्याचा यंत्रमाग पाहा; धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग. धोट्याला फटका बसतो तेवढा क्षणच त्याला जोर लागतो. पुढे ताण्याच्या धाग्यांमधून तो पलीकडे जातो तेव्हा त्याला कोणीही ढकलत नसते, उलट घर्षण त्याला थोडे मागेच ओढत असते. तरी मध्ये हात घालायची कोणाची हिंमत नाही, कारण धोट्याला जोर आहे. लावलेला जोर केव्हाच संपला, असलेला जोर उरला. बल जितका वेळ लागले, तितका संवेगात बदल झाला. न्यूटनचा दुसरा नियम सांगतो तो हाच. पळणाऱ्या वस्तूच्या आत बल भरलेले असते, असा मुलांचा हमखास समज होतो. त्याचे एक मूळ मला आपल्या या दुहेरी 'जोरा'त दिसते. वर्गात 'लावलेला जोर' आणि 'असलेला जोर' असे स्पष्ट बोलले, तर हा समज मूळ धरण्याआधीच सुटेल असे मला मनापासून वाटते.

हा गोंधळ फक्त आपल्या बोलीचा नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा प्रसिद्ध निबंध १८४७ चा. त्याच्या शीर्षकातही ऊर्जेसाठी 'क्राफ्ट', म्हणजे जर्मन भाषेत बलासाठी वापरतात तोच शब्द आहे.

ऊर्जा आणि शक्ती यांचा उलगडा घरातल्या पाण्याच्या मोटरीवर होतो. मोटरीवर लिहिलेला एचपी म्हणजे अश्वशक्ती, आणि इथे 'शक्ती' हा शब्द अगदी काटेकोर अर्थाने आला आहे: काम किती झपाट्याने होते त्याचे माप. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. वीजबिलातले युनिट हे मात्र ऊर्जेचे माप आहे, एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. ५०० लिटर पाणी १० मीटर उंचावरच्या टाकीत चढवायला सुमारे ४९,००० ज्यूल लागतात. नळीतले आणि मोटरीतले नुकसान सोडून दिले, तर एक एचपीची मोटर हे पाणी ६६ सेकंदांत चढवील, अर्ध्या एचपीची त्याच्या दुप्पट वेळ घेईल. शक्ती निम्मी झाली, पण पाण्याला मिळालेली ऊर्जा तेवढीच राहिली. आणि ही ऊर्जा टाकीत साठून राहते. लावलेला जोर मात्र साठवता येत नाही.

आता नंदीध्वज. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. काठी जमिनीवरून उभी करताना तिचे वजन वर उचलले जाते, तेव्हा कार्य होते आणि ते बरेच होते. ती पेलून स्तब्ध उभे राहिले की बल आहे, पण विस्थापन नाही. सपाट रस्त्यावरून एका चालीने पुढे जाताना विस्थापन आडवे आणि काठी पेलणारे बल उभे, म्हणून त्या बलाचे कार्य पुन्हा शून्य. मग पेलणाऱ्याच्या अंगातली बाराबंदी घामाने भिजते ती कशाने? काठी स्थिर दिसत असली तरी स्नायूंचे तंतू सतत आकसत आणि सैल होत असतात. त्यात शरीरातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ती काठीला मिळत नाही.

१८२९ मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने बल गुणिले विस्थापन या राशीला नाव दिले ते श्रमासाठीच्या रोजच्या फ्रेंच शब्दाचे. मराठीने 'श्रम' न घेता 'कार्य' घेतले, ते फार चांगले झाले. त्यामुळे मुलीला सरळ सांगता येते की पेलणाऱ्याला श्रम होतात, काठीवर कार्य होत नाही. फक्त 'माणसाचे कार्य शून्य' असे अर्धे वाक्य बोलू नये. 'काठीवर केलेले कार्य' असे पूर्ण म्हणावे.