बाबांच्या जुन्या पेंटॅक्स लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर लावल्या की फोटो सॉफ्ट का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांच्या पेंटॅक्स के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन लेन्स, एक ५० मिमी एफ/२ आणि एक १३५ मिमी एफ/३.५, साधा अ‍ॅडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) घेऊन सोनी ए७ मार्क २ वर लावल्या. अल्बममधले बाबांचे फोटो खणखणीत आणि तुमचे मात्र सगळे मऊ. दुकानदाराने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, फंगस आहे, विकून टाका. तर विकायच्या का?

नका विकू. निदान या आठवड्यात तरी नको.

मी हे सगळं भोगलेलं आहे. माझ्या मामांचा सावंतवाडीत स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर त्यांच्या लेन्स माझ्याकडे आल्या. ५० मिमीने काढलेला एकही फोटो धड येईना. दोन महिने मी त्या लेन्सला शिव्या घातल्या, मग पैसे मोजून ती आतून साफ करून आणली, आणि तरी फोटो तसेच. दोष सापडला तो कॅमेऱ्याच्या मेनूत. म्हणून तुमच्या बाबतीतही माझा पहिला संशय तिथेच आहे.

तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवून हाताची थरथर भरून काढणारा स्टॅबिलायझर आहे. सेन्सर किती सरकवायचा हे लेन्सच्या फोकल लेंग्थवर, म्हणजे ५० मिमी, १३५ मिमी या आकड्यावर ठरतं. नव्या लेन्स तो आकडा आपणहून कॅमेऱ्याला कळवतात. के१००० च्या काळातल्या लेन्सला विजेचे संपर्कबिंदूच नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला पुढे काय लावलंय याचा पत्ताच नसतो. आकडा आपण सांगायचा. मी कधीतरी १३५ घातला होता आणि विसरले. मग ५० मिमी लावली, की सेन्सर गरजेच्या २.७ पट सरकायचा. म्हणजे हात एक कण हलला तर कॅमेरा उलट्या बाजूला जवळजवळ तीन कण धावणार, आणि उरलेली चूक मूळ थरथरीपेक्षा मोठी! स्टॅबिलायझर बंद असता तर बरं झालं असतं. उलट ५० चा आकडा ठेवून १३५ लावली तर जेमतेम एक तृतीयांश थरथर भरून निघते. तुम्ही दोन लेन्स आलटूनपालटून वापरता, तेव्हा आकडा बदलत नसाल तर यातलं एक घडत असणार. स्टेडीशॉटची (सोनीचं स्टॅबिलायझरचं नाव) सेटिंग ऑटोवरून मॅन्युअलवर घ्या आणि लेन्स बदलली की आकडा बदला. मी लेन्सच्या मागच्या झाकणावर मार्करने ठळक आकडा लिहून ठेवलाय. झाकण काढताना तो दिसतो आणि मेनू आठवतो.

आता लेन्स खरंच गेली आहे का, हे बघायला एक संध्याकाळ पुरे. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/८. स्क्रीनवर चित्र जास्तीत जास्त मोठं करून मधल्या अक्षरांवर फोकस करा आणि फोटो काढा. मग तोच फोटो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून. एफ/८ चा फोटो कडक आला तर लेन्स निर्दोष आहे, पुढचं सगळं आपल्या हातांचं आणि सवयींचं आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला अक्षरांभोवती हलकी धुरकट प्रभा दिसली तर घाबरू नका. त्या काळातल्या बहुतेक ५० मिमी लेन्स तशाच आहेत. मला तर चेहऱ्यांना ती आवडते.

स्टॅबिलायझरचा आकडा बरोबर असेल, तर बहुतेक वेळा गडबड फोकसची असते, आणि त्यातही 'फोकस पीकिंग'वर (स्क्रीनवर शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाची. कडेला लाल-पिवळी रेघ उमटली की आपण बटण दाबतो. पण ती रेघ फक्त 'इथे बऱ्यापैकी कॉन्ट्रास्ट आहे' एवढंच सांगते. दीड मीटरवरच्या चेहऱ्याला ५० मिमी एफ/२ वर फिल्मच्या जुन्या हिशेबाने साधारण ११ सेंटीमीटर खोली शार्प मिळते. १३५ ला तीन मीटरवर जवळपास तेवढीच. पण हा हिशेब लहान प्रिंटसाठी होता. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत पिक्सेल न् पिक्सेल बघायला गेलात तर त्यातले दोन-तीन सेंटीमीटरच उरतात. म्हणजे डोळ्यावर फोकस करून श्वास सोडला, की शार्प काय, तर कान. तुमचे फोटो नीट बघा: डोळे मऊ असताना कानाची पाळी किंवा शर्टाची कॉलर कडक आहे का? असेल तर लेन्सचा काही संबंध नाही. पीकिंग हवं तर ठेवा, पण पातळी 'लो' करा आणि फोकस मॅग्निफायर (फोकससाठी चित्र मोठं करून दाखवणारी सोय) एखाद्या बटणाला लावून घ्या. या लेन्सवर तो आपोआप उघडत नाही.

बाबांचे फोटो शार्प दिसतात त्याचंही उत्तर इथेच आहे. अल्बममधला फोटो चार बाय सहा इंचाचा. तुम्ही चोवीस इंची मॉनिटरवर १०० टक्के मोठा करून बघता तेव्हा ६००० पिक्सेल रुंदीचा तो फोटो साडेपाच फूट रुंद झालेला असतो. बाबांचा एखादा निगेटिव्ह तेवढा मोठा करून बघा, मग बोलू.

दुसरं तुम्ही लिहिलंय की पर्वतीवरून सिंहगडाचा टॉवर काढला, रिंग अनंताच्या खुणेपर्यंत नेऊन टेकवली, तरी सॉफ्ट. टेकवली म्हणूनच सॉफ्ट. पेंटॅक्सच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते ती कडी) फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी, सोनीचं सेन्सरपर्यंतचं १८ मिमी. मधले २७.४६ मिमी अ‍ॅडॉप्टरने भरायचे. स्वस्त अ‍ॅडॉप्टर इतके काटेकोर क्वचितच असतात, आणि ते मुद्दाम थोडे कमी जाडीचे करतात. कारण जाडी ०.१ मिमीने वाढली तर तुमची ५० मिमी लेन्स २५ मीटरच्या पलीकडे फोकसच होणार नाही आणि गिऱ्हाईक भांडायला येईल. तीच जाडी ०.१ मिमीने कमी असेल तर दूरचं दिसतं, पण रिंगचा शेवट अनंताच्या पलीकडे जातो. तिथे टेकवून एफ/२ वर फोटो काढलात, तर प्रत्येक ठिपका साधारण आठ पिक्सेल रुंद पसरतो. रिंग शेवटापासून केसभर मागे आणा आणि मोठं करून टॉवरची कड बघत थांबा. खुणेवर विश्वास ठेवायचे दिवस के१००० बरोबर गेले. आणि हा फोटो मे महिन्यातल्या दुपारी काढला असेल तर लेन्स, अ‍ॅडॉप्टर, कोणालाच बोल लावू नका. पंधरा-वीस किलोमीटरच्या तापलेल्या धुळकट हवेतून जगातली कुठलीही लेन्स तेच दाखवेल. पावसाची सर येऊन गेल्यानंतरच्या सकाळी परत जा.

फोटोची एकच बाजू मऊ येत असेल तर मात्र वेगळं काहीतरी आहे. लेन्स धरून हलकेच हलवून बघा, अ‍ॅडॉप्टरमध्ये खडखडते का? बऱ्याचदा अ‍ॅडॉप्टरचे बारीक स्क्रू ढिले झालेले असतात. नसतील तर दूरच्या इमारतींच्या रांगेचा एक फोटो सरळ आणि एक कॅमेरा उलटा धरून काढा. दोन्हींत फ्रेमची तीच बाजू मऊ आली तर लेन्स किंवा अ‍ॅडॉप्टर तिरका आहे. दुसऱ्या कोणाचा अ‍ॅडॉप्टर मिळाला तर लावून बघा. लेन्स पूर्वी कोणी उघडली होती का, हेही बाबांना विचारा. आतलं भिंग परत बसवताना जरा कलतं राहिलं तरी हेच होतं.

राहिला फंगस. आमच्या कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे लेन्सचं काय घेऊन बसलात. अ‍ॅपर्चरची रिंग सगळ्यात लहान आकड्यावर ठेवून लेन्समधून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे पातळ दुधाळ थर दिसला तर ती वाफाळलेल्या ग्रीसची वगैरे धूसर झाक. गंमत अशी, की कडेच्या चार धाग्यांनी फोटोत ओळखू येईल इतका फरक सहसा पडतच नाही. दुधाळ थर मात्र फोटो खरोखर खराब करतो, पण तो वेगळ्या पद्धतीने: बारकावे असतात, काळा रंग राखाडी होतो, खिडकीसमोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. हे साफ करून घेण्यासारखं आहे. बुरशीही साफ करून घ्याच, कारण ती पसरते आणि पुढे काचेवरचा लेप खाते. नंतर लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये परत ठेवू नका, ओल तिथेच धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरतं.

दुकानात जायच्या आधी एक करा. दोन्ही लेन्सवर ४९ मिमीचा जुना फिल्टर घट्ट बसलेला असेल तर तो काढून बघा. माझ्याकडच्या एका 'बुरशी'चा अर्धा भाग फिल्टरवरच होता. अ‍ॅडॉप्टरची आतली बाजूही बघा, चकचकीत असेल तर तिथून उजेड परावर्तित होऊन असाच पांढुरका पडदा येतो. मी आत काळा मखमली कागद चिकटवलाय. आणि तुमच्या १३५ ला सरकवून पुढे ओढायचं हूड अंगचंच आहे, ते मागे ढकललेलं राहिलं असेल तर आधी ओढा.