आनुवंशिक की अनुवांशिक? आणि 'आजीच्या वळणावर जाणं'

प्रश्न एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आहे. नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर 'अनुवांशिकता' लिहिलं आणि पुस्तकात 'आनुवंशिकता' आहे, हे एका मुलीनं दाखवून दिलं. बरोबर कुठलं आणि का, असं बाई विचारतात. त्याच धड्याच्या नावात 'परिवर्तन' हा शब्द आहे आणि मुलं त्याचा अर्थ सरळ 'बदल' असा घेतात, ही त्यांची दुसरी अडचण. शेवटी त्यांनी सहज म्हणून एक ओळ जोडली आहे. आहाराविषयी बोलणं चाललेलं असताना एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडं आजीचं, आईचं, ताईचं, सगळ्यांचं रक्त कमी आहे. म्हणजे ते आनुवंशिकच ना?" यामागचं विज्ञान बाईंना ठाऊक आहे. ते त्या मुलाला मराठीत कसं सांगावं, हे त्यांना हवं आहे.

मला ही शेवटची ओळच खरा प्रश्न वाटते. तरी आधी शुद्धलेखनाचं पाहू, कारण तिथंही एक अर्थाची गोष्ट दडलेली आहे.

मूळ शब्द 'अनुवंश'. त्याला 'इक' प्रत्यय लागतो तेव्हा शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाज – सामाजिक, दिन – दैनिक, पुष्टी – पौष्टिक. तसंच अनुषंग – आनुषंगिक, अनुमान – आनुमानिक. म्हणून अनुवंश – आनुवंशिक, आणि त्यावरून आनुवंशिकता. (रसिक, धनिक, पथिक यांत वृद्धी दिसत नाही, कारण तिथं प्रत्यय वेगळा आहे.) नुसतं नाम वापरायचं असेल तर 'अनुवंश' ऱ्हस्वच राहतो, त्यामुळे 'अनुवंशशास्त्र' हेही बरोबर. मुलीनं दाखवलं ते योग्यच होतं.

मग 'अनुवांशिक' इतकं का रुळलं? वर्तमानपत्रांत, दवाखान्यातल्या फलकांवर, शिकल्यासवरल्या माणसांच्या बोलण्यात ते सर्रास आढळतं. माझ्या मते याचं कारण 'वांशिक' हा शब्द. तो आपल्या कानावर नेहमी पडतो आणि तो व्याकरणानं शुद्धही आहे. वंश – वांशिक. त्याच्यापुढं 'अनु' जोडला की झालं. पण 'वांशिक' म्हणजे मानववंशाशी संबंधित. वांशिक दंगल, वांशिक भेदभाव असं आपण म्हणतो. आजीचे कुरळे केस नातीकडं येणं ही आनुवंशिक गोष्ट आहे, वांशिक नव्हे. नववीतल्या मुलाच्या मनात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू नयेत, एवढ्यासाठी तरी ही चूक मी दुरुस्त करायला सांगेन.

'वंश' या शब्दाचा वर्गात चांगला उपयोग होतो. संस्कृतात वंश म्हणजे बांबूही. त्याच शब्दावरून आपला घराचा 'वासा' आला. बांबूला पेरं असतात, एका पेरातून पुढचं पेर निघतं, काठी एकच राहते पण पेरं निराळी. पिढ्यांचं याहून सोपं चित्र फळ्यावर काढता येणार नाही. पाणिनीच्या व्याकरणावरची जुनी टीका असलेल्या काशिकावृत्तीत वंशाची जी व्याख्या आहे, तिच्यात जन्मानं चालणारा वंश आणि विद्येनं चालणारा वंश असे दोन्ही धरले आहेत. गुरुशिष्यांचीही परंपरा वंशच. विज्ञानाच्या धड्यातला 'अनुवंश' मात्र फक्त जन्माचा, हे मुलांना सांगावं लागतं.

आता 'परिवर्तन'. इथं बाईंच्या विद्यार्थ्यांची बाजू मला पूर्ण पटते. परिवर्तन म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणं. समाजपरिवर्तन, हृदयपरिवर्तन. त्यात काळ आहे, आधी आणि नंतर आहे. धड्याला अभिप्रेत असलेली गोष्ट तशी नाही. एकाच आईची दोन मुलं, एक सावळं, एक गोरं. एकीचे कान पाळीला सुटे, दुसरीचे चिकटलेले. यात कुणीही बदललेलं नाही. ती जन्मापासूनच वेगळी आहेत. हा बदल नव्हे, वेगळेपण आहे. भर म्हणजे, ज्या घटनेत जनुक खरोखरच अचानक बदलतो, तिला नाव 'उत्परिवर्तन'. आणि 'परिवर्तन' हा ज्या इंग्रजी शब्दाचा, 'व्हेरिएशन'चा, अनुवाद आहे, त्यालाच आठवीच्या गणितात मराठी पुस्तक 'चलन' म्हणतं, समचलन आणि व्यस्तचलन. सेमी इंग्रजीच्या मुलांना दोन्हीकडं तो एकच शब्द दिसतो, तर मराठी माध्यमाच्या मुलांना दोन शब्द भेटतात आणि त्यांतला एकही भावंडांच्या कानांच्या पाळीशी जुळत नाही.

पर्याय काय आहेत? 'भेद' नेमका आहे, पण त्याला भेदभावाची छाया आहे. 'तफावत' म्हटलं की हिशेबातली तूट आठवते. 'विविधता' सगळ्या समूहाची असते, दोन भावंडांत विविधता आहे असं कुणी म्हणत नाही. मला 'वेगळेपण' सगळ्यांत बरं वाटतं, 'फरक' त्याच्या खालोखाल. परीक्षेत 'परिवर्तन'च लिहावं लागणार, म्हणून तो शब्द टाकू नये. पण पहिले दोन तास फक्त 'वेगळेपण' म्हणावं, आणि तिसऱ्या तासाला सांगावं की पुस्तक या वेगळेपणाला 'परिवर्तन' म्हणतं. शब्द आधी आणि कल्पना मागून आली की मुलं शब्दाच्या जुन्या अर्थाला धरून बसतात.

'अप्रभावी' या शब्दाचाही असाच त्रास आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्यांच्यापासून झालेल्या दुसऱ्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले मिळाले. सुरकुत्यांचा गुण एक पिढी दिसेनासा झाला आणि जसाच्या तसा परत आला. त्याला 'अप्रभावी' म्हटलं की मुलांना तो दुबळा, कुचकामी वाटतो. तो दुबळा नव्हता, दडलेला होता. 'दडलेला गुण' असं म्हटल्यावर मुलं पुढचा प्रश्न आपणहून विचारतात, की मग तो बाहेर कधी येतो? आणि हा वाटाणा पोषणाच्या धड्यातही नेता येतो. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च तयार करणाऱ्या एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. म्हणून त्यात साखर जास्त राहते, तो कोवळेपणी पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसतो. मटार गोड का लागतो, याचं उत्तर मेंडेलच्या ताटलीतच होतं.

हे झाले पुस्तकातले शब्द. बाईंना मला खरं सांगायचं आहे ते घरातल्या शब्दांविषयी.

आपण म्हणतो, "पोरगी अगदी आजीच्या वळणावर गेलीय." म्हणजे तोंडवळा, चालण्याची ढब, केसांचा भोवरा, सगळं आजीसारखं. आणि आपण असंही म्हणतो, "मुलीला चांगलं वळण लावलंय." शब्द तोच, वळण. पण वळणावर 'जाणं' हे जन्मानं होतं, त्यात कुणी काही करत नाही. वळण 'लावणं' हे वाढवणाऱ्यांचं काम. क्रियापद बदललं की अनुवंश संपतो आणि संगोपन सुरू होतं. ज्या भाषेत ही रेघ इतक्या सहज ओढली जाते, तिच्यात हा धडा शिकवणं अवघड असायला नको.

दुसरं उदाहरण त्या जुन्या म्हणीचं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथं 'वाण' म्हणजे रंग, 'वर्ण' शब्दावरून आलेला. ढवळा बैल पांढरा, पवळा पोवळ्याच्या रंगाचा. शेजारी बांधल्यानं पवळ्या पांढरा झाला नाही, पण ढवळ्याच्या खोड्या मात्र शिकला. जन्मानं मिळालेलं आणि संगतीनं मिळवलेलं यांतला फरक या ओळीत पुरता आला आहे. एक सावधगिरी मात्र हवी. म्हणीतला 'गुण' संगतीनं लागणारा आहे, तर विज्ञानातला 'गुण' जन्मानं येणारा. 'गुणसूत्र' हा शब्द त्या दुसऱ्या अर्थावर उभा आहे. म्हणून ही म्हण सांगितली की लगेच विचारावं, "यातला कुठला शब्द गुणसूत्रावर बसेल?" उत्तर 'वाण' असं येतं, आणि वर्ग क्षणभर गोंधळतो. तो गोंधळ मोलाचा आहे. (गंमत अशी की गुणसूत्राच्या मूळ युरोपीय नावाचा अर्थ 'रंगीत काया' असा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती रंग पटकन धरतात, म्हणून. म्हणजे वाण तिथंही आहेच.)

वाण हा शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना आणखी एका अर्थानं माहीत असतो. ज्वारीचा मालदांडी वाण, भाताचा इंद्रायणी वाण. राहीबाई पोपेरे यांना बीजमाता म्हणतात ते गावरान वाण जपल्याबद्दल. एकाच वाणाचं बी दोन कुंड्यांत पेरावं, एकीत नुसता मुरूम, दुसरीत शेणखत घातलेली माती. महिन्याभरानं उंचीत फरक दिसेल. मग शेजारी दोन निराळ्या वाणांचं बी एकसारख्या मातीत पेरावं. तिथंही फरक दिसेल. पहिला फरक पोसण्याचा, दुसरा वाणाचा. पहिल्या कुंडीतलं खुरटं रोप जगून दाणे धरलं, तर त्याचे दाणे चांगल्या मातीत पुन्हा पेरावेत. रोपं खुरटी येणार नाहीत. खुरटेपण वारशानं पुढं गेलं नाही, हे मुलं डोळ्यांनी पाहतात.

'पोसणं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पोषण, पुष्ट, पौष्टिक, पोशिंदा, सगळे 'पुष्' धातूचे. मुलांच्या तोंडी 'पोषण आहार' म्हणजे शाळेत मिळणारी खिचडी, आणि त्यामुळे पोषण म्हणजे जेवण असं समीकरण झालं आहे. पण जेवण पोटात जाणं आणि ते अंगी लागणं यांत अंतर आहे. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' ही घरोघरची तक्रार. पुस्तकातल्या 'शोषण' आणि 'सात्मीकरण' या दोन पायऱ्या मिळून आपलं 'अंगी लागणं' होतं. 'शोषण' शब्दाचा दुसरा अर्थ मुलांना आधी आठवतो, म्हणून इथंही घरातल्या शब्दापासून सुरुवात करणं सोयीचं.

आता तो मुलगा.

तो म्हणाला ते चुकीचं नाही, अपुरं आहे. घरात सगळ्यांचं आहे म्हणून आनुवंशिक, हा तर्क आपण सगळेच करतो. पण एका घरातली माणसं फक्त रक्ताची नसतात, एका चुलीवर जेवणारीही असतात. त्याच्या यादीतच पुरावा आहे. आजी बहुधा वडिलांची आई. तसं असेल तर आजी आणि आई यांचं रक्ताचं नातं नाही. त्यांच्यात समान आहे ते स्वयंपाकघर, आणि बाईमाणसानं शेवटी, उरेल ते जेवण्याची रीत. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला. इतक्या मोठ्या आकड्यामागं लोहाची कमतरता हे एक मोठं कारण आहे. जंत, मासिक पाळीतला रक्तस्राव, जेवणाबरोबरचा चहा हेही त्यात आहेत.

इथं 'आनुवंशिक'च्या शेजारचे शब्द एकदा फळ्यावर लिहावेत. 'जन्मजात' म्हणजे जन्मताना असलेलं, आणि ते आनुवंशिक असेलच असं नाही. गरोदरपणी आईला आयोडीन फार कमी पडलं, तर बाळात जन्मतःच दोष येऊ शकतो, आणि तो पोषणातून आलेला असतो. उलट हंटिंग्टनसारखा मेंदूचा आजार आनुवंशिक असूनही बहुधा मध्यम वयात दिसू लागतो. 'पिढीजात' धंदा असतो, 'वडिलोपार्जित' जमीन असते, आणि घराण्यात चालत आलेल्या सवयीला आपण 'परंपरेनं' म्हणतो. बाईमाणसानं शेवटी जेवण्याची रीत ही परंपरेनं आलेली आहे. ती अनुवंशात बसत नाही.

आणि तरीही त्या मुलाला 'नाही, आनुवंशिक नाही' असं ठाम सांगू नये. सिकलसेल, म्हणजे दात्रपेशी पांडुरोग, खरोखरच आनुवंशिक आहे. दात्र म्हणजे विळा. हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत त्याचं प्रमाण बरंच आहे. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे तो दोष त्यांच्यात दडलेला असेल, तर प्रत्येक बाळाच्या वेळी ते रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नव्हे. 'पांडुरोग' किंवा 'ॲनिमिया' एकच, पण एकाचं मूळ वाणात आणि दुसऱ्याचं ताटात, आणि लोहाच्या गोळीनं दुसरा भरून निघतो, पहिला नाही.

म्हणून बाई, त्याला मी असं म्हणेन: "तुमच्याकडं रक्त कमी आहे, ते वाणाचं आहे की पोसण्याचं, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आईचं आणि ताईचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि सिकलसेलची तपासणीही मागा. पोसण्याचं निघालं तर गोळी आहे, पालेभाजी आहे, वर लिंबू पिळायचं आहे, चहा जेवणानंतर उशिरा प्यायचा आहे. वाणाचं निघालं तर ते कुणाच्या चुकीनं आलेलं नाही, आणि त्यालाही उपचार आहेत." त्यानं 'आनुवंशिक' शब्द कदाचित 'आता काही करता येणार नाही' या अर्थानं वापरला असेल. घरोघरी 'आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्य त्याच अर्थानं बोललं जातं. मी तुमच्या जागी असते, तर पुढच्या तासाला आधी त्यालाच विचारलं असतं, की आजी आईची आई की वडिलांची.